घर घेताना विम्याचे कागद कसे वाचावेत

गृहकर्ज मंजूर झालं की बँकेत एक दिवस नुसत्या सह्यांचा असतो. त्या ढिगात कुठेतरी 'विमा' हा शब्द येऊन जातो. पुढे कोणी विचारलं, घराचा विमा आहे का, तर उत्तर ठरलेलं: "हो, बँकेनेच काढलाय." माझंही तेच उत्तर होतं. तीन वर्षांनी कपाट आवरताना तो कागद नीट वाचला, तेव्हा कळलं की विमा घराचा नव्हताच, माझा होता. मी गेलो असतो तर कर्ज फिटलं असतं. घर जळालं असतं तर एक रुपया मिळाला नसता, आणि मासिक हप्ता मात्र चालूच राहिला असता.

तेव्हापासून विम्याचा कुठलाही कागद समोर आला की मी त्याला तीन गोष्टी विचारतो. नुकसान कशाचं? कशामुळे झालेलं? आणि पैसे कोणाच्या हातात? घर घेण्याच्या प्रवासात असे कागद वेगवेगळ्या टप्प्यांवर भेटतात, म्हणून त्याच क्रमाने जाऊ.

पहिला टप्पा: बँकेचं टेबल

इथे दोन वेगळ्या गोष्टी एकाच दमात सांगितल्या जातात. पहिली म्हणजे कर्ज संरक्षण विमा. तो आयुर्विमाच असतो. कर्जदार गेला तर उरलेलं कर्ज त्यातून फिटतं, आणि कर्ज कमी होत जातं तसं संरक्षणही बहुधा कमी होत जातं. दुसरा म्हणजे वास्तूचा विमा, भिंती-छप्पर-सामानाचा. दोन्हींना 'होम लोन इन्शुरन्स', 'होम इन्शुरन्स' अशी जुळ्या भावंडांसारखी नावं असतात. त्यात मराठीत प्रीमियमलाही हप्ता म्हणतात आणि ईएमआयलाही हप्ताच, त्यामुळे गोंधळात भर.

कायद्याने घरमालकावर वास्तूचा विमा सक्तीचा नाही. पण कर्जाच्या करारात बँक तशी अट घालू शकते, आणि गहाण ठेवलेली वस्तू सुरक्षित राहावी ही तिची अपेक्षा रास्तच आहे. अमुक एकाच कंपनीचा विमा घ्या, हा आग्रह मात्र रास्त नाही. "सक्तीचं आहे" असं कोणी तोंडी म्हणालं तर शांतपणे म्हणा, "करारातलं ते कलम दाखवा आणि मला ईमेल करा." बऱ्याचदा विषय तिथेच संपतो.

कर्ज संरक्षण विमा घेऊच नये असं मी म्हणत नाही. घरात एकटाच कमावता माणूस असेल तर आयुर्विमा हवाच. पण साधी टर्म पॉलिसी (ठरावीक मुदतीत माणूस गेला तरच पैसे देणारा आयुर्विमा) किती रुपयांत पडते ते आधी विचारून तुलना करा. बँकेचा विमा बहुतेकदा एकरकमी प्रीमियमचा असतो आणि ती रक्कम कर्जातच मिळवली जाते. समजा प्रीमियम एक लाख, कर्ज वीस वर्षांचं, व्याज ८.५ टक्के. त्या एका लाखाचा मासिक हप्ता साधारण ८६८ रुपये, म्हणजे वीस वर्षांत २ लाख ८ हजारांच्या आसपास. सही करून घरी आल्यावर हे लक्षात आलं तरी वेळ गेलेली नसते: आयुर्विमा पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत परत करता येते.

दुसरा टप्पा: सोसायटीची फाइल

फ्लॅट घेत असाल, विशेषतः जुना, तर करारनाम्याआधी सोसायटीच्या सेक्रेटरींना एक प्रश्न विचारा: इमारतीचा विमा आहे का, असेल तर झेरॉक्स मिळेल का? महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार, म्हणजे नमुना नियमावलीनुसार, इमारतीचा आग आणि भूकंपापासून विमा उतरवणं ही संस्थेची जबाबदारी आहे. कागदावर. प्रत्यक्षात लिफ्टची देखभाल आणि वॉचमनचे पगार भागवता भागवता विमा मागे राहिलेल्या कितीतरी सोसायट्या सापडतात.

झेरॉक्स मिळाली तर तीन गोष्टी बघा: मुदत कधी संपते, रक्कम किती, आणि पूर-वादळ त्यात आहे की फक्त आग-भूकंप. वीस वर्षांपूर्वी ठरवलेली रक्कम दरवर्षी तशीच पुढे ओढलेली दिसली तर समजा, की गरज पडली तर ती पुरणार नाही. शिवाय सोसायटीच्या पॉलिसीचे पैसे सोसायटीच्या हातात येतात आणि जिना, गच्ची, खांब, बाहेरच्या भिंती यांवर खर्च होतात. तुमचा फ्रिज, सोफा, कपाटं यांच्याशी त्या पॉलिसीचं देणंघेणं नसतं. तुमच्या फ्लॅटचं बांधकाम सोसायटीच्या पॉलिसीत पूर्ण रकमेने धरलेलं असेल, तर स्वतःसाठी फक्त सामानाचा विमा घेऊनही भागतं. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनाही सामानापुरताच विमा घेता येतो, हे जाता जाता.

घर विकत घेताना आधीच्या मालकाची पॉलिसी घराबरोबर आपोआप मिळते असं गृहीत धरू नका. विमा त्याच्या नावावर होता. घर विकल्यावर त्याचा त्या घरातला हितसंबंध संपला. तुमचा विमा तुम्हीच नव्याने घ्यायचा.

तिसरा टप्पा: रक्कम काढणं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबू.

लोक म्हणतात, "माझा फ्लॅट ८५ लाखांचा, म्हणजे विमा ८५ लाखांचा." नाही. ८५ लाखांत जमिनीचा भाव आला, गल्लीचा भाव आला, मेट्रो जवळ असल्याचा भाव आला. इमारत जळाली तरी मेट्रो तिथेच राहते. विमा जे मोडतं त्याचा: भिंती, स्लॅब, फरशा, वायरिंग, नळ. म्हणून विचारायचं ते एवढंच, की एवढंच घर आजच्या दराने पुन्हा बांधायला किती लागतील?

हिशेब सोपा आहे. करारनाम्यातलं चटई क्षेत्र, म्हणजे कार्पेट एरिया, घ्या. रेराच्या, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या स्थावर मालमत्ता कायद्याच्या, व्याख्येप्रमाणे त्यात आतल्या भिंती धरलेल्या असतात. बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि स्वतंत्र गच्ची धरलेली नसते. त्याला तुमच्या भागातल्या बांधकामाच्या दराने गुणा. हा दर एखाद्या स्थानिक आर्किटेक्टला किंवा ठेकेदाराला विचारा. दोघांना विचारलंत तर उत्तम. समजा ६५० चौरस फूट आणि दर ३,००० रुपये, तर रक्कम होते १९ लाख ५० हजार. ८५ लाखांच्या फ्लॅटचा विमा साडेएकोणीस लाखांचा, हे ऐकून पहिल्यांदा सगळेच दचकतात. पण घर तेच आहे, फक्त जमीन वजा झाली.

उलट बाजूची चूकही होते. कर्ज ६० लाखांचं म्हणून बँकेतला माणूस विम्याच्या रकमेच्या रकान्यात ६० लाख लिहून मोकळा होतो. विमा कंपनी नुकसान मोजते ते बांधकामाचं, तुमच्या कर्जाचं नाही. मग वरच्या चाळीस लाखांचा प्रीमियम कशासाठी भरायचा?

बंगला किंवा गावाकडचं घर असेल तर कंपाउंडची भिंत, गॅरेज, पाण्याची टाकी, सोलर पॅनेल यांचा खर्चही मिळवा. घर कौलारू आहे, पत्र्याचं आहे की स्लॅबचं, हे खरं सांगा. इथे लपवाछपवी केली तर ती दाव्याच्या वेळी उघडी पडते.

चौथा टप्पा: पॉलिसी निवडणं

१ एप्रिल २०२१ पासून विमा नियामक संस्थेने, म्हणजे आयआरडीएआयने, 'भारत गृह रक्षा' नावाची प्रमाणित पॉलिसी आणली आहे. आगीचा विमा विकणाऱ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना ती ठेवावीच लागते, आणि मूळ मजकूर सगळीकडे सारखाच असतो. नवख्या माणसाने इथूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे. दहा कंपन्यांचा बारीक टाइप वाचण्यापेक्षा एकच मजकूर नीट वाचा आणि मग फक्त प्रीमियम व सेवा यांची तुलना करा. प्रीमियम लोकांना वाटतो त्याहून पुष्कळ कमी असतो. साध्या फ्लॅटला वर्षाला हजार-दोन हजारांच्या आसपासचे आकडे दिसतात. वर १८ टक्के जीएसटी.

यात काय येतं? आग, स्फोट, वीज पडणं, भूकंप, वादळ, पूर, दरड कोसळणं, जमीन खचणं, झाड किंवा वाहन आदळणं, दंगल, दहशतवादी कृत्य, पाण्याची टाकी किंवा नळ फुटणं. ही यादी कोणाला सरकारी छापाची वाटेल. पण आपल्या राज्यात तिचा एकेक शब्द कुठे ना कुठे घडून गेला आहे. १९६७ ला कोयना आणि १९९३ ला किल्लारी हे भूकंप. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीचा पूर, ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर निसर्ग वादळ, आणि २२ जुलै २०२१ ला एकाच दिवशी चिपळुणात पूर व महाडजवळच्या तळीये गावावर दरड. "आमच्याकडे असं काही होत नाही" हे वाक्य यातल्या प्रत्येक गावात आदल्या दिवसापर्यंत कोणीतरी म्हणत असणार.

या पॉलिसीतल्या काही तरतुदी खरोखर ग्राहकाच्या बाजूच्या आहेत. घराच्या विम्याबरोबर सामानाचा विमा आपोआप येतो: इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, पण जास्तीत जास्त १० लाख. आपल्या उदाहरणात ते ३ लाख ९० हजार झाले. घरातलं सामान त्याहून जास्त असेल तर यादी देऊन रक्कम वाढवून घ्या. दुसरी तरतूद जुन्या लोकांना विश्वास बसणार नाही अशी आहे. पूर्वी खऱ्या किमतीच्या निम्म्या रकमेचा विमा असेल तर छोट्या नुकसानीचेही निम्मेच पैसे मिळायचे. भारत गृह रक्षेत ही कपात नाही. विम्याच्या रकमेच्या मर्यादेत जेवढं नुकसान तेवढी भरपाई. म्हणून रक्कम मुद्दाम कमी सांगावी असं मात्र नाही, कारण सगळंच घर गेलं तर मर्यादा तीच राहणार.

घर राहण्याजोगं उरलं नाही तर तेवढ्या काळाचं पर्यायी घराचं भाडं, मलबा हटवायला दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत आणि आर्किटेक्ट-इंजिनिअरच्या फीसाठी ५ टक्क्यांपर्यंत रक्कमही यात धरलेली आहे. पॉलिसी १० वर्षांपर्यंतची घेता येते, आणि अशा दीर्घ मुदतीच्या पॉलिसीत इमारतीची रक्कम दरवर्षी १० टक्के वाढत जाते, त्यासाठी वेगळा प्रीमियम न घेता.

आता काय येत नाही. भांडणं सगळी इथलीच.

चोरी. नुसती घरफोडी या पॉलिसीत येत नाही! पूर किंवा आगीसारख्या घटनेमुळे, आणि त्यानंतर सात दिवसांच्या आत, चोरी झाली तरच भरपाई. गावाला गेल्यावर कुलूप तोडून कोणी सामान नेलं तर त्यासाठी घरफोडीचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. कंपन्यांच्या 'हाउसहोल्डर्स' पॉलिसीत ते मिळतं. ते घेताना बंद घराबद्दलची अट जरूर वाचा. ठरावीक दिवसांहून जास्त घर बंद ठेवलं तर संरक्षण थांबतं, असं अनेक पॉलिसींत लिहिलेलं असतं. मुलाकडे अमेरिकेत सहा-सहा महिने जाणाऱ्या आजी-आजोबांनी तर ही ओळ चष्मा लावून वाचावी.

दागिने. ते साध्या सामानात धरले जात नाहीत. मौल्यवान वस्तूंचं संरक्षण ऐच्छिक आहे आणि मागून घ्यावं लागतं. एकूण रक्कम ५ लाखांपर्यंत आणि एकेका वस्तूची किंमत १ लाखाच्या आत असेल तर मूल्यांकनाचा दाखला लागत नाही. सोन्याचे आजचे भाव बघता एक बऱ्यापैकी पाटली ही मर्यादा ओलांडते, तेव्हा सराफाकडून मूल्यांकन करून घेणंच बरं. रोख रक्कम, चेक आणि गाडी या पॉलिसीत येतच नाहीत.

ओल. मराठी माणसाच्या घरात तावातावाने बोलला जाणारा विषय. वरच्यांच्या बाथरूममधून दोन वर्षं हळूहळू पाझरणारं पाणी आणि त्याने फुगलेला रंग, हे विमा कंपनीच्या लेखी देखभालीचं काम आहे. नळ अचानक फुटला, टाकी ओसंडली आणि हॉलमध्ये पाणी भरलं, तर तो दावा होतो. गच्चीतून पावसाचं पाणी गळत असेल तर ते काम सोसायटीचं. तिथे विमा एजंटशी नाही, सेक्रेटरींशी बोला.

तडे. नवी इमारत बसते तेव्हा पडणारे नेहमीचे तडे, भराव टाकलेली जमीन खाली बसणं, सदोष डिझाइन, निकृष्ट सिमेंट, यांतलं काही विमा भरून देत नाही. इथे तुमचा उपाय वेगळा आहे. रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार ताब्यापासून पाच वर्षांत निघालेला बांधकामातला दोष बिल्डरने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. तेव्हा तडा दिसला की तारखेसह फोटो काढा आणि बिल्डरला लेखी कळवा. तसंच जमिनीच्या मालकीचा वाद निघाला तर घराचा विमा त्यात पडत नाही. त्यासाठी सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदी तपासल्याचा अहवाल, आणि चांगला वकील.

आणखी एक बारीक गोष्ट. व्होल्टेज वरखाली होऊन टीव्हीच्या आत शॉर्ट सर्किट झालं तर त्या टीव्हीचे पैसे मिळत नाहीत. पण त्यातून आग लागून पडदे आणि सोफा जळाला तर त्यांचे मिळतात.

पाचवा टप्पा: फॉर्म आणि तारीख

फॉर्म स्वतः भरा. एजंट "मी भरतो, तुम्ही सही करा" म्हणाला तरी चहा पाजून समोर बसवा आणि एकेक रकाना बघा. पत्ता इंडेक्स टूप्रमाणे (घराच्या नोंदणीचा सरकारी उतारा), इमारतीचं वय, तळमजला की वरचा, घरातून क्लास किंवा खाणावळ चालवता का, सगळं खरं लिहा. राहतं घर म्हणून विमा घ्यायचा आणि पुढच्या खोलीत पापडाचा कारखाना, असं असेल तर आधी कंपनीला कळवा.

विमा ताब्याच्या तारखेपासून सुरू व्हायला हवा. बांधकाम चालू असलेल्या इमारतीची जोखीम बिल्डरच्या आणि ठेकेदाराच्या विम्याकडे असते. बँक कर्जाच्या रकमेचा पहिला भाग देताना तुमची पॉलिसीही चालू करत असेल, तर ताबा दोन वर्षांनी मिळणाऱ्या घराचा विमा आजपासून कशासाठी, हे विचारा. वास्तुशांतीच्या दिवशी पॉलिसी चालू असलेली बरी. त्या दिवशी घरात होम असतो, शंभर माणसं असतात आणि मांडवाची तात्पुरती वायरिंगही.

नामनिर्देशन करा, म्हणजे तुमच्यानंतर पैसे कोणाला द्यायचे त्याचं नाव लिहा. पॉलिसीत बँकेचं नावही असेल. म्हणजे मोठ्या दाव्याचे पैसे आधी बँकेकडे जाऊ शकतात. 'पैसे कोणाच्या हातात?' या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळतं.

सहावा टप्पा: एक दुपार मोबाइल घेऊन

सामान लागल्यावर एकदा मोबाइलवर व्हिडिओ करत घरभर फिरा. कपाटं उघडा, फ्रिज आणि वॉशिंग मशीनच्या मागचा नंबर टिपा, फर्निचरच्या सुताराचं बिल असेल तर त्याचा फोटो काढा. मॉड्युलर किचन आणि फॉल्स सीलिंग कंपनी बांधकामात धरते की सामानात, हे ईमेलने विचारून उत्तर जपून ठेवा. आणि हे सगळं घराबाहेर ठेवा, म्हणजे ईमेलवर किंवा बहिणीच्या फोनमध्ये. चिपळुणात माझ्या मावसभावाची पॉलिसी अगदी व्यवस्थित होती. ती प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये कपाटाच्या खालच्या कप्प्यात होती, आणि पाणी पहिल्या मजल्याला लागलं होतं.

नुकसान झालंच तर

आधी माणसं, मग वीज आणि गॅस बंद. त्यानंतर त्याच दिवशी कंपनीला कळवा आणि दाव्याचा क्रमांक घ्या. नुकसान वाढू नये म्हणून ताडपत्री घाला, पाणी उपसा. ते तुमचं कर्तव्यच आहे. पण सर्व्हेअर, म्हणजे कंपनीतर्फे नुकसान मोजणारा माणूस, येण्याआधी भिजलेल्या गाद्या आणि मशीन भंगारवाल्याला देऊ नका. दुर्गंधीमुळे फेकावंच लागलं तर आधी फोटो काढा, आणि कंपनीला कळवून फेका.

पूर ओसरला की तलाठी पंचनामा करायला येतात. तो सरकारी मदतीसाठी असतो. विमा कंपनीचा सर्व्हेअर वेगळा, त्याचा अहवाल वेगळा. एकाने पाहणी केली म्हणून दुसऱ्याची वाट बघणं सोडू नका. पंचनाम्याची प्रत मात्र दाव्याला जोडा, पुरावा म्हणून ती उपयोगी पडते. आग असेल तर अग्निशमन दलाचा अहवाल, चोरी असेल तर एफआयआर.

भारत गृह रक्षेत एक दावा मिळाल्यावर विम्याची रक्कम कमी होत नाही. तिच्यासाठीचा जादा प्रीमियम दाव्यातून वळता करून ती पुन्हा पूर्ववत केली जाते. दावा नाकारला किंवा कमी दिला तर कारण लेखी मागा आणि कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जा. तिथे महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालांकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, जाता येतं. मुंबई आणि पुणे, दोन्हीकडे कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही आणि ५० लाखांपर्यंतची भरपाई त्यांच्या अधिकारात येते. कंपनीचं अंतिम उत्तर आल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करायचा. आयआरडीएआयच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते.

आणि वीस वर्षांनी कधीतरी कर्ज फिटेल. बँकेकडून मूळ कागदपत्रं सोडवून आणाल, घरी पेढे येतील. त्या आठवड्यात विमा कंपनीला बँकेच्या ना हरकत पत्राची प्रत पाठवून पॉलिसीवरचं बँकेचं नाव काढून घ्या, आणि पॉलिसीची मुदतही बघा. बँकेने घेतलेली पॉलिसी बहुधा कर्जाबरोबरच संपलेली असते.